डोळा दाव, इलास

आमच्या हिंगोलीकडच्या गोरेगावात नवीन माणूस आला की लोक त्याला आधी गाव विचारतात, मग आडनाव विचारतात आणि मग चहा पाजतात. गिरजामावशी यातलं काहीही करत नाही. ती सरळ त्याच्या समोर येऊन उभी राहते, डाव्या हातानं हनुवटी धरते आणि उजव्या अंगठ्यानं त्याच्या डोळ्याखालची कातडी खाली ओढते. "डोळा दाव," म्हणते. दाखवायचा की नाही हे ठरवायला माणसाला वेळच मिळत नाही, कारण तोवर तपासणी होऊन गेलेली असते. आतली कड लाल दिसली तर "बराबर" म्हणून ती चालू लागते. फिकट दिसली तर तिथंच, चारचौघांत, निकाल जाहीर होतो. "पांढरा पडलाय. रगत न्हाई ह्याच्यात."

माझ्या चुलतबहिणीच्या लग्नात तिनं नवरदेवाचा डोळा भर मांडवात ओढला. पुसेगावचं वऱ्हाड होतं. मुंडावळ्या बाजूला सारून, अंतरपाट धरायच्या आधी, शांतपणे. नवरदेवाचे काका खवळले. हे काय चाललंय, म्हणाले. मावशीनं त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. "जनावर घेताना बघताव का न्हाई? ह्यो तर जावई हाय." मग काकांकडे वळली आणि त्यांचाही डोळा बघून घेतला. काकांचा पांढरा निघाला. लग्न लागेपर्यंत काका एका खुर्चीवर गप्प बसून होते.

मी विलास. गोरेगावच्या बसथांब्याजवळ माझं औषधांचं दुकान आहे आणि दुकानाच्या मागेच, चढावर घर. गावातला पहिला डी. फार्म. मी, आणि हे मी अधूनमधून लोकांना सांगत असतो, कारण लोक विसरतात. गिरजामावशी काही माझी सख्खी मावशी नव्हे. ती सगळ्या गावाचीच मावशी. वय पासष्टीच्या पुढे, अंगानं काटक, कासोटा घातलेलं लुगडं, हातात बाभळीची काठी आणि मागे बावीस शेळ्या. नवरा जाऊन वीस वर्षं झाली. मूलबाळ नाही. गावाच्या कडेला, रानाकडे जाणाऱ्या वाटेवर तिचं दोन खणांचं घर आहे आणि घराला लागून शेळ्यांचा गोठा.

डोळ्याची ही विद्या तिनं शेळ्यांकडूनच घेतली. शेळीच्या पोटात जंत झाले की ते तिचं रक्त पितात आणि डोळ्याच्या आतली कड पांढरी पडत जाते. शेळी तर सांगायला येत नाही. म्हणून शेळ्या पाळणारी माणसं पिढ्यान्‌पिढ्या डोळा ओढून बघत आली आहेत. मावशीनं फक्त एवढंच केलं, की शेळ्यांपाशी थांबली नाही. तिच्या लेखी माणसात आणि शेळीत फरक इतकाच, की माणूस बोलतो आणि त्यामुळे त्याचं दुखणं ओळखणं जास्त अवघड जातं.

वजनाचंही तसंच. लहान मुलांना पातळ औषध द्यायचं तर मी आधी वजन विचारतो. आई म्हणते, आठवत नाही. मी वजनकाटा पुढे ओढतो, तोवर दुकानात टेकलेली मावशी लेकरू काखेत धरून उचलते आणि सांगते, "तेरा." मी काट्यावर उभं करतो. तेरा. पाच-सहा वेळा पडताळून बघितलं आणि तो नाद सोडला. जवळा बाजार गावच्या आठवडी बाजारात तिनं आयुष्यभर शेळ्या अशाच जोखल्या आहेत. पाठीच्या मणक्यावरून हात फिरवला की अंगावर मांस किती हे तिला कळतं. माझ्या पाठीवरूनही तिनं गिऱ्हाइकांसमोर हात फिरवलेला आहे. "इलास, ब्याऐंशी झालास की रे. मणका हाताला लागून न्हाई राहिला." मी त्या दिवशी ब्याऐंशीच होतो.

तिच्या घरी जायचं तर दारातली सिमेंटची उथळ कुंडी ओलांडून जाता येत नाही. ओलांडायची नाहीच, तिच्यात उतरायचं. पावसाळ्यात शेळ्यांचे खूर सडू नयेत म्हणून ती कुंडीत पोटॅश परमँगनेटचं गुलाबी पाणी भरून ठेवते आणि संध्याकाळी एकेक शेळी त्यातून काढते. माणसांना वेगळा रस्ता ठेवण्याचं कारण तिला कधी दिसलं नाही. एकदा घरकुलाचा फोटो काढायला एक साहेब आले होते. "चपला काढा अन पाय बुडवा," मावशी म्हणाली. साहेब म्हणाले, मी आत येत नाही, बाहेरूनच फोटो काढतो. "बाहेरून काहून? घर तर आतून बी हाय." शेवटी साहेबांनी पाय बुडवले आणि आठवडाभर त्यांच्या तळव्यांचा तपकिरी रंग गेला नाही. आमच्या गल्लीतले अर्धे तळवे वर्षभर त्याच रंगाचे असतात. पण एक कबूल करायला पाहिजे. ओल्या रानात खुरपायला जाणाऱ्या बायांच्या पायांना आधी चिखल्या व्हायच्या, बोटांच्या बेचक्यात कातडी सोलवटून निघायची, ते मावशीच्या गल्लीत आता फारसं दिसत नाही. त्या बाया माझ्याकडे मलम न्यायला यायच्या, त्याही आता येत नाहीत.

साथीच्या वर्षांत मी हौसेनं सॅनिटायझरची खोकीच्या खोकी भरली. साथ सरली आणि खोकी राहिली. मावशी रोज शेळ्यांना हात लावते, म्हटलं तिच्या उपयोगी पडेल. तळहातावर थोडं ओतलं. तिनं हात चोळले, हात बघितले, वास घेतला आणि म्हणाली, "हे तर उडून गेलं. लावलं व्हतं का न्हाई, हे सांगणार कोण? दिसंल ते औषध, इलास." मग मी जंतुनाशक साबण पुढे केला. सगळे जंतू मरतात, म्हणालो.

"सगळे?"

"सगळे."

"तूच म्हणला व्हता, दह्यात बी जंतू ऱ्हातात. त्याच हातानं म्या इरजण लावते. सगळेच मारून बसले तर दही कशानं लागंल?"

मी म्हणालो, ते जंतू चांगले असतात. "मंग साबणाला कसं कळतं चांगला कोनता अन वाईट कोनता?" असं विचारून ती उत्तरासाठी थांबली. दुकानात चार गिऱ्हाइकं होती, तीही थांबली. मी साबण फडताळात परत ठेवला आणि साध्या साबणानं हात धुतले तरी भागतं, असं सांगितलं. ते खरंही आहे, फक्त त्यात माझा काही फायदा नव्हता.

व्हिटॅमिनच्या गोळ्यांशी तर तिचं उभं वैर. आमच्याकडे त्यांना ताकदीच्या गोळ्या म्हणतात. कापूस वेचून कंबर धरली, सोयाबीन काढून हात भरून आले, पोरगं अभ्यास करत नाही, सगळ्यावर लोक ताकदीची गोळी मागतात, आणि डबीवर दंड फुगवलेल्या माणसाचं चित्र असलं तर घासाघीसही करत नाहीत. मावशी मात्र डबी माझ्यासमोर धरून वाचून घ्यायची. ए, बी, सी, डी, जस्त, तांबं. पूर्ण ऐकून घ्यायची. "येवढं समदं एका गोळीत? मंग शेळीनं दिवसभर चरत काहून हिंडावं?" आणि गिऱ्हाइकाकडे वळून, "शेवग्याचा पाला खातो का? तरोटा खातो का? अंबाडी? मंग आधी ते खा अन नंतर ह्याच्याकडं ये." गिऱ्हाईक डबी ठेवून निघून जायचं.

रक्त वाढवणाऱ्या लोहाच्या गोळीवर मात्र तिचा पूर्ण विश्वास. कारण ती गोळी दिसते. घेतली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सकाळी परसाकडे रंग काळा होतो, आणि हे तिला आरोग्य केंद्रातल्या कुणा बाईनं सांगितलं, त्या दिवसापासून गावातल्या कुणालाही चैन पडलेलं नाही. ज्यांचा डोळा पांढरा निघालेला आहे, त्यांना ती रस्त्यात, किराण्यात, पिठाच्या गिरणीत, देवळाच्या पायरीवर, लांबूनच विचारते, "काळी झाली का?" शाळेतल्या एका तरुण गुरुजींना तिनं प्रार्थनेच्या वेळी कुंपणाबाहेरून हा प्रश्न विचारला होता. गुरुजींनी हातानं हो अशी खूण केली. "बराबर," म्हणून ती शेळ्यांमागे गेली. त्या गुरुजींनी पुढे बदली मागितली, पण तिचं कारण वेगळं असावं.

जंताच्या गोळीचा किस्सा सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. सरकारी गोळ्या लहान मुलांना मिळतात, मोठ्यांना कुणी विचारत नाही. मावशीचं म्हणणं, "एकल्या शेळीला पाजून उपेग न्हाई. कळपाला एकाच दिशी पाजावं लागतं." तिनं आरोग्य केंद्राच्या आशाताईंना गाठलं, आशाताईंनी डॉक्टरांना विचारलं, आणि एका गुरुवारी सगळी गल्ली रांगेत उभी राहिली. निवृत्त हेडमास्तर म्हणाले, मला जंत नाहीत. "शेळीला बी तसंच वाटतं," मावशी म्हणाली आणि त्यांनी गोळी घेऊन होईपर्यंत समोरून हलली नाही. नंतर तोंड उघडायला लावून जिभेखाली बघितलं. शेळ्या गोळी गालात धरून ठेवतात आणि पाठ वळली की थुंकतात, हा तिचा अनुभव होता.

इथपर्यंत मी सगळं हसत बघत होतो, कारण माझ्या घराला तिनं अजून हात लावला नव्हता.

माझी बायको शोभा. घरात सगळ्यांचं झालं की जेवणार, जेवण झालं की कपभर चहा घेणार आणि दुपारी पाठ टेकायला मिळाली नाही तरी कुरकुर करणार नाही, अशी. वर्षभरापासून ती पायऱ्या चढताना थांबायची. केस गळतात म्हणायची. मी एकदोनदा ताकदीच्या गोळ्यांची डबी घरी नेऊन दिली आणि माझं कर्तव्य संपलं असं समजलो. एके दिवशी ती दळण घेऊन गिरणीत गेली आणि तिथं मावशीनं तिला गाठलं.

थोड्या वेळानं मावशी दुकानात आली. दुकानात गर्दी होती. शेळ्या बाहेर थांबल्या होत्या.

"इलास, घरची वाळून चालली अन तू गावाला ताकद इकून राहिला?"

मला राग आला. खरं म्हणजे लाज वाटली होती, पण बाहेर पडला तो राग. मी म्हणालो, मावशी, माझ्या घरात लक्ष घालायचं काम नाही. मी डी. फार्म. आहे, शेळ्या नाही राखत. हे मी मोठ्यानं बोललो आणि बोलल्याबरोबर मला कळलं की आपण चुकलो, पण मागे घेण्याइतका मोठेपणा त्या वेळी अंगात नव्हता.

मावशी शेळ्या घेऊन निघून गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला दुकान उघडलं तर समोर बावीस शेळ्या आणि त्यांच्यामागे ती. "कवा नेतोस हिंगोलीला?" मी लक्ष दिलं नाही. ती पाऊण तास उभी राहिली. शेळ्यांनी खोकल्याच्या औषधाचं एक रिकामं खोकं खाल्लं. तिसऱ्या दिवशी पुन्हा. गिऱ्हाइकं शेळ्यांमधून वाट काढत यायची आणि आत येऊन मलाच विचारायची, मग, कधी नेताय? चौथ्या दिवशी एका पाटीनं, तरण्या शेळीनं, भिंतीवरचं जाहिरातीचं चित्र ओढलं आणि दंड फुगवलेला तो माणूस कमरेपर्यंत खाऊन टाकला. मी दुकान भावाच्या ताब्यात दिलं, शोभाला जीपमध्ये बसवलं आणि हिंगोलीला गेलो.

रक्तात हिमोग्लोबिन निघालं सहा पूर्णांक आठ. डॉक्टरीणबाईंनी कागद बघितला, शोभाकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. तुमचंच मेडिकल आहे ना, म्हणाल्या. मी मान हलवली. त्यांनी सगळ्या तपासण्या केल्या, पाळीत फार रक्त जातं त्यावर औषध दिलं आणि लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या. दोन महिन्यांत दहाच्या वर आलं पाहिजे, नाहीतर भरती करून रक्त चढवावं लागेल, असं स्पष्ट सांगितलं. भरती हा शब्द ऐकल्यावर शोभानं जीपमध्ये गोरेगाव येईपर्यंत माझा हात सोडला नाही. तिची आई दवाखान्यात भरती झाली होती ती परत आली नव्हती.

आता गोळी घ्यायला तिला काय अडचण होती? तर गोळी घेतली की मळमळायचं. दोन दिवस घेतली, तिसऱ्या दिवसापासून मसाल्याच्या डब्यात, लवंगांच्या वाटीखाली ठेवायला लागली. मला म्हणायची, घेतली. मी विश्वास ठेवला, कारण विश्वास ठेवला की काही करावं लागत नाही. पंधरा दिवसांनी मावशीनं तिला नळावर गाठून विचारलं, काळी झाली का? शोभा लाजून व्हय म्हणाली. मावशीनं डोळा ओढला. "डोळा तर तसाच पांढरा हाय. तू खोटं बोलून राहिली, बाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी बरोबर साडेआठला शेळ्या माझ्या घराच्या दारात. मावशी आत, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर. "आण गोळी." शोभा म्हणाली, मळमळतं. मावशी मला हाक मारून म्हणाली, "काहून मळमळतं?" मी म्हणालो, काहींना होतं, जेवणाबरोबर घेतली की कमी होतं. "अन काय पाळायचं असतं?" मी सांगितलं, लिंबाचं पाणी चालतं, आणि गोळीच्या आगेमागे दोन तास चहा घ्यायचा नाही, नाहीतर लोह अंगी लागत नाही. गेली अठरा वर्षं हे मी शेकडो गिऱ्हाइकांना सांगत आलो आहे. माझ्या घरात, माझ्यासमोर, बायको गोळीवर चहा पीत होती.

"मंग हे इतके दिवस पोटात काहून ठेवलं?" मावशी म्हणाली. मी दुकानात जाऊन बसलो.

तिथून पुढे दीड महिना तिनं एक दिवस चुकवला नाही. पोळ्याला आली, पाऊस असताना घोंगडीची खोळ घेऊन आली, एका शेळीला पिल्लं होत होती त्या दिवशी पिल्लू पदरात घेऊन आली. शोभानं भाकरीचे चार घास खायचे, गोळी घ्यायची, वर लिंबाचं पाणी प्यायचं, मग तोंड उघडून दाखवायचं. आधी शोभा चिडायची. एकदा रडलीसुद्धा. "रड, पण गीळ," मावशी म्हणाली. बाहेर तेवढ्या वेळात शेळ्या माझ्या दारात लेंड्या टाकायच्या, तुळशीचा शेंडा खुडायच्या, पायरीवर बसून रवंथ करायच्या. मी रोज झाडून काढायचो आणि रोज मनात म्हणायचो, दीड महिना. पहिले आठ-पंधरा दिवस गेल्यावर आतून दोघींच्या बोलण्याचा आवाज येऊ लागला. पाच मिनिटांचं काम अर्ध्या तासावर गेलं. मी दुकानात असायचो, काय बोलतात ते मला कधी ऐकू आलं नाही आणि मी विचारलंही नाही.

दोन महिन्यांनी हिंगोलीला गेलो. दहा पूर्णांक नऊ. डॉक्टरीणबाई हसल्या. भरतीची गरज नाही, पण गोळ्या अजून तीन महिने चालू ठेवा, अंगातला साठा भरायला वेळ लागतो, म्हणाल्या. मला ते माहीतच होतं. येताना शोभा जीपमधून उतरून बसथांब्यापासून घरापर्यंतची चढण न थांबता चढली, आणि मला त्या क्षणी इतका आनंद झाला की मी रस्त्यातच पेढे घेतले.

पेढे घेऊन मी मावशीच्या वाटेवर उभा राहिलो. ती रानातून परत येत होती. आकडा सांगितला. "बराबर," म्हणाली. पेढा पदराच्या गाठीला बांधला. मग मी म्हणालो, "मावशी, आता उद्यापासून यायची गरज न्हाई. ती तिच्या हातानं घेते. तुमाला उगं रोजचा खोळंबा." मनात लेंड्या होत्या आणि तुळस होती, हे मी नाकारत नाही.

"बराबर," ती पुन्हा म्हणाली आणि शेळ्यांमागे गेली.

दुसऱ्या दिवशी साडेआठला मी दुकानाच्या मागच्या दारातून बघत होतो. शेळ्या आल्या आणि रोजच्यासारख्या माझ्या दारात थांबल्या. दोघी-तिघी पायरीवर बसल्या. मावशी मागून आली. घराकडे न बघता, मान खाली घालून, ती शेळ्यांना काठीनं पुढे ढकलायला लागली. "चला, चला गं. इथं काय हाय आता? चला." शेळ्या हलेनात. एक उठवली की दुसरी बसायची. ज्या बाईच्या नुसत्या हाकेनं कळप वळतो, तिला माझ्या दारातून बावीस शेळ्या काढायला दहा मिनिटं लागली. पुढच्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी ती गावाच्या मागच्या अंगानं, ओढ्याच्या चिखलातून शेळ्या घेऊन गेली.

दुपारी जेवायला बसलो तर शोभानं ताट माझ्यासमोर आदळलं.

"तुमी मावशीला नको म्हणलात?"

मी म्हणालो, तू स्वतः घेतेस ना गोळी? रोज घेतेस.

"घेते. पण ती गोळीसाठी येत होती असं वाटतं तुमाला? पहिले पंधरा दिवस आली असंल." ती समोर बसली. "उंबऱ्यावर बसून रोज विचारायची, आज कशाची भाजी? मी सांगायची. मग ती सांगणार, अंबाडीत कण्या टाक, तरोट्याला लसूण जास्त घाल, नवऱ्याला अशी आवडायची, तशी आवडायची. एक दिवस मी सहज विचारलं, तुमी काय केलं आज? तर म्हणली, चटणी. मी म्हणलं, अन काल? चटणी. एकलीच्या तोंडाला भाजी कोण रांधतं बाई, म्हणली. जुडी निवडाय बसलं की वाटतं, कुणासाठी निवडून राहिले. साऱ्या गावाला पाला खा म्हणून सांगती ती बाई, अन वीस वर्षं चटणी-भाकरीवर हाय."

तिनं भाजीची वाटी माझ्यापुढं सरकवली.

"त्या दिवसापासनं मी रोज तिच्यापुढं वाटीभर भाजी ठेवायची. मी गोळी घ्यायची, ती भाजी खायची. तुमी बाहेर शेळ्यांच्या लेंड्या मोजत होता."

मी ताट बाजूला सारलं. तिचे उपकार बाजूला ठेवले, तरी एका माणसाची दिवसातली अर्ध्या तासाची सोबत मी एका वाक्यात काढून घेतली होती, आणि वर पेढा दिला होता. याची लाज मला अजून वाटते.

दिवस मावळायच्या आत मी तिच्या घरी गेलो. चपला काढल्या, पाय बुडवले आणि दारात उभा राहिलो. ती गोठ्यात शेळीची धार काढत होती. मला बघताच भांडं तसंच टाकून उठली. दूध सांडलं.

"शोभीला काय झालं?"

"काय न्हाई झालं, मावशी. बरी हाय."

"मंग असा काहून आलास?"

तिचा आवाज कापत होता. एवढ्या वर्षांत मी तो पहिल्यांदाच तसा ऐकला. चुलीजवळ एक भाकरी झाकून ठेवलेली होती आणि दगडी खलात मिरच्या होत्या. मी वाटेत जे काही बोलायचं ठरवलं होतं, माफीबिफी, ते सगळं विसरलो.

"डॉक्टरीणबाईंनी अजून तीन म्हैने गोळ्या सांगितल्या," मी म्हणालो. "उद्यापासून साडेआठला या."

"तिच्या हातानं घेती म्हणला व्हता ना?"

"घेत न्हाई," मी म्हणालो. शोभानं त्याच दिवशी सकाळी माझ्यासमोर गोळी घेतली होती. खोटं बोलताना मला जराही जड गेलं नाही.

मावशी खाली वाकली. सांडलेल्या दुधावर माती सारली, भांडं उचललं, शेळीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

"तीन म्हैने," ती म्हणाली.

"तीन."

"अन मंग?"

दुकानात मला लोक दिवसभर काहीबाही विचारतात. जेवणाआधी की नंतर, सकाळी की रात्री, किती दिवस. डी. फार्म.मध्ये यातलं सगळं शिकवतात. हा प्रश्न तिथं नव्हता.

"मंग काय," मी म्हणालो, "गोळी बंद व्हईल, भाकरी थोडीच बंद व्हनार हाय? तिला एकलीला घास जात न्हाई, मावशी. तुमीच सवय लावली."

माझ्याकडे पाठ करून तिनं शेळीच्या गळ्यातली दोरी सोडली, पुन्हा बांधली, पुन्हा सोडली. मग पदरानं तोंड पुसलं आणि नेहमीच्या खड्या आवाजात म्हणाली,

"साडेआठला न्हाई जमायचं. सव्वाआठला येते. बांधाला तांदुळजा लई आलाय, घेऊनच येते. निवडायला दोघी लागतात."